बरणीतला प्रार्थनाकीटक

आज मी ज्या प्राण्याबद्दल बोलणार आहे त्याला जगाने भक्त ठरवले आहे, आणि त्याच्या मादीला खुनी ठरवले आहे. हा प्राणी म्हणजे प्रार्थनाकीटक. आपल्याकडे त्याला खंडोबाचा किडा असेही म्हणतात. पावसाळ्याच्या अखेरीस कुंपणाच्या झुडपांवर, गवतात, कधी रात्री घरातल्या दिव्याजवळ तुम्ही तो पाहिला असेल. लांब मान, तिकोनी तोंड, दोन मोठे डोळे आणि छातीशी जोडलेले पुढचे दोन पाय. तो असा स्तब्ध उभा राहिला की एखादा मनुष्य हात जोडून देवापुढे उभा आहे असेच वाटते. ग्रीक लोकांनी त्याला 'मान्टिस', म्हणजे भविष्यवेत्ता, म्हटले. लिनिअसने १७५८ साली त्याच्या युरोपातल्या जातीला 'मान्टिस रिलिजिओसा' असे धार्मिक नाव दिले.

आता हे जोडलेले हात म्हणजे काय, ते जरा जवळून पाहा. पायाच्या दोन भागांवर आतल्या बाजूने काटे असतात, आणि एक भाग दुसऱ्यावर मिटतो. आपल्या पानाच्या तबकातला अडकित्ता जसा मिटतो, तसा. समोर माशी बसली की सेकंदाच्या दहाव्या भागाच्याही आत हा अडकित्ता उघडतो, झेपावतो आणि मिटतो. म्हणजे ती प्रार्थना नव्हे. ती शिकाऱ्याची दबा धरण्याची बैठक आहे. भक्तीचा निवाडा असा एका क्षणात निकालात निघतो.

राहिला दुसरा निवाडा. ही मादी मीलनाच्या वेळी नराला खाते, आधी त्याचे मुंडके आणि मग बाकीचे धड, हे आज शाळेतल्या मुलालाही ठाऊक असते. आमच्या घरी हे किडे प्रथम आले तेव्हा माझ्या आईने लांबूनच विचारले, "अरे, नवऱ्याला खाते ती हीच ना? मग घरात कशाला आणलीस?" मी म्हटले, "आई, ती खरोखर खाते का, नि केव्हा खाते, तेच बघायला आणलीय." मी महाविद्यालयात तर्कशास्त्र शिकवतो. प्राणिशास्त्राची पदवी माझ्याजवळ नाही. पण कोणी कोणाबद्दल निवाडा दिला की 'पुरावा कुठला?' असे विचारायची आमच्या धंद्यातल्या लोकांना खोडच असते. गेली काही वर्षे माझ्या खिडकीजवळच्या मांडणीवर या किड्यांच्या बरण्या आहेत. त्यांच्या संगतीत मला जे कळले त्यात थोडे कीटकांविषयी आहे आणि बरेचसे निवाड्यांविषयी आहे.

पुरावा शोधत मागे गेले की एक मोठी गमतीची गोष्ट आढळते. १८८६ साली अमेरिकेतले कीटकशास्त्रज्ञ हॉवर्ड यांनी 'सायन्स' या नियतकालिकात या मादीच्या खादाडपणाबद्दल एक पत्र प्रसिद्ध केले. त्यांच्या एका मित्राने एक मादी हौसेने पाळली होती. हॉवर्डनी तिच्यासाठी एक नर नेला आणि दोघांना एकाच बरणीत ठेवले. नर घाबरून सुटायची धडपड करू लागला, पण मादीने त्याला गाठले आणि ती त्याला खाऊ लागली. त्याच अवस्थेत मीलनही झाले. गोष्ट खरी आहे, पाहणारा जाणता आहे. पण श्रोतेहो, 'बरणी' हा शब्द तेवढा लक्षात ठेवा.

दुसरा साक्षीदार त्याहून मोठा. फ्रान्समधला फाब्र हा कीटकांचा थोर निरीक्षक. त्याच्या 'कीटकशास्त्रीय आठवणी' या ग्रंथमालेचा पाचवा खंड १८९७ साली निघाला. त्यात त्याने तारेच्या जाळीखाली ठेवलेल्या माद्यांची हकीगत दिली आहे. एकाच मादीने दोन आठवड्यांत सात नर फस्त केल्याचे तो सांगतो. फाब्र प्रामाणिक असल्यामुळे मोकळ्या रानातली गोष्ट आपल्याला पाहता आली नाही हेही त्याने लिहिले आहे. पण पुढे तो म्हणतो, की जाळीखालच्या या बंदिवानांना ऊन आहे, अन्न आहे, जागा आहे; तेव्हा ते इथे जे करतात तेच बाहेरही करीत असले पाहिजेत.

इथे तर्कशास्त्राचा मास्तर थबकतो. आपल्या न्यायशास्त्रात एक फार सुंदर कल्पना आहे, तिला 'उपाधी' म्हणतात. जिथे धूर तिथे अग्नी, हे बरोबर. पण उलट, जिथे अग्नी तिथे धूर, असे म्हणता येत नाही. तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी आहे, धूर नाही. मग धूर केव्हा निघतो? सरपण ओले असेल तेव्हा. ते ओले सरपण म्हणजे उपाधी. ती लपून राहते, आणि आपण धुराचा सगळा दोष अग्नीच्या माथी मारतो. प्रार्थनाकीटकाच्या मादीच्या बाबतीत असे ओले सरपण कुठे आहे काय, हा माझा प्रश्न होता. आणि त्याचे उत्तर शोधायचे तर तिला आधी नीट पाळता आले पाहिजे. जिला धड जगवताही येत नाही, तिच्या स्वभावाबद्दल आपण काय बोलणार?

जगात या कीटकांच्या सुमारे २४०० जाती आहेत, भारतात दीडशेहून अधिक. पाळायला लहान जाती बऱ्या. माझ्याकडे आहे ती क्रिओब्रोटर या गटातली, फुलांवर बसून शिकार करणारी. पूर्ण वाढलेली मादी बोटाच्या दोन पेरांएवढी, चारेक सेंटिमीटर. नर त्याहून लहान आणि सडपातळ. रंग पांढुरका-हिरवा, आणि पुढच्या प्रत्येक पंखावर काळ्या रेघांनी वेढलेला पिवळसर ठिपका, जणू डोळाच. ही आपल्याच देशातली, पण युरोपातल्या कितीतरी घरांत आज 'भारतीय फुलकीटक' अशा अर्थाच्या नावाने ती हौसेने पाळली जाते. एक गोष्ट मात्र आधीच सांगतो. राष्ट्रीय उद्याने आणि अभयारण्ये यांतून कोणताही प्राणी उचलायला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने मनाई आहे. आपल्या बागेत, परसात जे सापडेल त्यावर समाधान मानावे. नाहीतर नुसते पाहावे, तेही कमी नाही.

आता घराची गोष्ट. पहिला नियम, एका बरणीत एकच किडा. दुसरा नियम उंचीचा. किड्याच्या लांबीच्या निदान तिप्पट उंची आणि दुप्पट रुंदी हवी. तोंडाला झाकण न लावता मच्छरदाणीचे कापड ताणून रबराने बांधावे. हे कापड म्हणजे त्याचे छत, आणि या छताचे महत्त्व पुढे सांगतो. आत एक-दोन काटक्या, तळाला टिपकागद. ऊन थेट बरणीवर येऊ देऊ नये, कारण काचेच्या बरणीत ऊन शिरले की ती भट्टीच होते. या किड्यांना ऊब लागते, पण आपल्या घरातली नेहमीची ऊब त्यांना पुरते. दिवसाआड बाटलीने पाण्याचा अगदी बारीक फवारा मारावा. भिंतीवर बसलेले थेंब तो तोंडाने टिपून पितो. पाणी साचू देऊ नये, बुरशी येते. आणि ज्या खोलीत डासांची वडी जळते किंवा झुरळांचे औषध मारले जाते, त्या खोलीत ही बरणी ठेवू नये. जे औषध झुरळाला मारते, त्याला या किड्याची ओळख थोडीच असणार?

अन्न जिवंत लागते. ही अट ज्याला सोसवत नाही त्याने हा नाद करू नये, कारण मेलेल्या माशीकडे हा प्राणी सहसा ढुंकूनही पाहत नाही. हलते ते भक्ष्य, अशी त्याची व्याख्या. लहान पिलांना चिलटे द्यावीत. पिकून काळी पडलेली केळी एका बाटलीत ठेवली, तोंड थोडे उघडे ठेवले, की चिलटे आपणहून येतात. मग फडके बांधून टाकायचे, दोन आठवड्यांत बाटलीतच पुढची पिढी तयार. किडा मोठा झाला की घरमाशी, लहान पतंग. पण माशी उकिरड्यावरची नको आणि औषध मारलेल्या घरातली तर नकोच नको.

तो शिकार कशी करतो हे पाहणे हा मोठा आनंद आहे. माशी बरणीत सोडली की प्रथम फक्त डोके वळते. अंग जागच्या जागी. कीटकांत असे मान वळवून पाहणारे फार थोडे. त्याच्या डोळ्यात एक काळा ठिपका दिसतो, आणि तुम्ही जिकडे जाल तिकडे तो तुमच्यावर रोखलेला असतो. वाटते, हा आपल्याला निरखतो आहे. वास्तविक ती बुबुळ नव्हेच. हजारो लहान नेत्रकांपैकी जे नेमके आपल्या दिशेला असतात ते काळे दिसतात, एवढेच. पण दृष्टी मात्र त्याची तीक्ष्ण खरी. दोन डोळ्यांनी मिळून अंतर जोखण्याची जी कला आपल्याला आहे, ती या किड्यालाही आहे. इंग्लंडमधल्या न्यूकॅसल विद्यापीठात संशोधकांनी या किड्यांच्या डोळ्यांवर चिमुकले चष्मे मेणाने चिकटवले आणि पडद्यावर खोटे भक्ष्य नाचवून ही गोष्ट पडताळून पाहिली. २०१६ साली त्या चष्म्यांची चित्रे जगभर गेली. आणि याला कान एकच! १९८६ साली यागर आणि हॉय या दोघांनी दाखवून दिले की छातीच्या खालच्या बाजूला, मधोमध, याचा एक कान असतो. तो वटवाघळाच्या हाकेसारखे, आपल्याला ऐकूही न येणारे आवाज ऐकतो. म्हणजे समोर उभा राहून आपण त्याला हाका मारल्या तर तो बहिराच. जे ऐकण्यावाचून जीव जाईल तेवढेच ऐकायचे, असा त्याचा हिशेब.

आता छताकडे येऊ. हा किडा कात टाकत टाकत वाढतो. मादी सात-आठ वेळा, नर बहुधा एकदा कमी. त्याआधी तो एक-दोन दिवस खाणे सोडतो, सुस्त होतो. पाळणाऱ्याला वाटते, आजारी पडला, आणि मग तो आणखी माश्या आत सोडतो. नेमके हेच करू नये. कात टाकताना किडा छताला मागच्या पायांनी उलटा लटकतो. पाठीवर कात उकलते आणि आतला ओला, मऊ, फिकट देह आपल्याच वजनाने हळूहळू खाली सरकत बाहेर येतो. पाव तासाचा खेळ, पण त्या पाव तासात त्याला धक्का लागला, माशी अंगावर येऊन बसली, किंवा छत गुळगुळीत असल्यामुळे पकड सुटली, तर तो तळाला पडतो आणि पाय वाकडेच वाळतात. वाकड्या पायांचा शिकारी जगत नाही. म्हणून ते कापडाचे छत, ती तिप्पट उंची. एखादा पाय गळून पडला तर पुढच्या कातीबरोबर तो थोडाथोडा पुन्हा फुटतो. पण शेवटची कात टाकून झाली की ही सोय संपली. मोठेपणी झालेली इजा कायमची.

एकदा शेजारचा मुलगा हे कात टाकणे पाहत होता. तो म्हणाला, "काका, त्याला मदत करू या? चिमट्याने जरा ओढू?" मी म्हटले, "नाही बाळ, इथे मदत म्हणजे हात मागे बांधून बसणे." तो पाव तास हात मागे बांधून बसला. इतका वेळ तो कधीच गप्प बसलेला नाही, असे त्याच्या आईने मला नंतर सांगितले.

नर-मादी ओळखणे फारसे अवघड नाही. पोटाच्या खालच्या बाजूची वळी मोजावीत. मादीची सहा दिसतात, नराची आठ. दोघेही शेवटची कात टाकून पंख फुटले की मीलनाचा विचार करायचा, पण लगेच नाही. मादीला साधारण दोन आठवडे जाऊ द्यावेत. आणि आता माझ्या आईचा प्रश्न.

मी काय करतो ते आधी सांगतो. तीन-चार दिवस मादीला मागेल तितके खाऊ घालतो, तिचे पोट चांगले भरलेले दिसले पाहिजे. मग तिला बरणीतून काढून मोठ्या जाळीच्या पेटीत ठेवतो. पेटीत काटक्या पुष्कळ, नराला लपायला आणि पळायला वाव. तिच्या हातात एक मोठी माशी देतो, आणि ती खात असताना नराला तिच्या पाठीमागे, लांबवर सोडतो. मग दिवा मंद करून आम्ही दूर बसतो. नर येतो तो पाऊल मोजत. ती हलली की हा थिजतो. पुन्हा एक पाऊल. कधी कधी एवढ्याशा वाटेला तासभर लागतो. शेवटी एक उडी, आणि मिशांनी तिच्या पाठीवर हळूहळू टपटप. पुढे काही तास दोघे तसेच असतात. नंतर तो उडून दूर जातो, आणि मी त्याला उचलून त्याच्या बरणीत ठेवतो. माझ्या मांडणीवरचे बहुतेक नर असे सुखरूप परत आले आहेत. एक-दोन आले नाहीत, हेही सांगितले पाहिजे.

मांडणीवरच्या चार बरण्या म्हणजे काही शास्त्र नव्हे. पण शास्त्रज्ञांनीही हेच पाहिले आहे. १९८४ साली लिस्के आणि डेव्हिस यांनी चिनी जातीच्या माद्यांना आधी पोटभर खाऊ घातले, माणसांचा वावर बंद केला, आणि कॅमेरा लावून तीस मीलने टिपली. त्यांत नर खाल्ला गेल्याचे एकही उदाहरण त्यांना मिळाले नाही. दिसला तो दोघांचा लांबलचक प्रियाराधनाचा विधी. मग ही सगळी कथा खोटीच काय? तसेही नाही. पोर्तुगालमध्ये मोकळ्या रानात केलेल्या निरीक्षणांत, ती १९९२ साली प्रसिद्ध झाली, शंभरातल्या सुमारे ३१ मीलनांत मादीने नराला खाल्ले होते. म्हणजे रानातही ही गोष्ट घडते. पण तीनांत एकदा, तिन्ही वेळा नव्हे. आणि नर तरी आपण होऊन बळी जातो काय? २००६ साली लेलिटो आणि ब्राउन यांनी दाखवले की भुकेल्या मादीकडे नर अधिक सावधपणे, अधिक हळू जातो. त्याला मरायचे नसते. मात्र खाल्ला गेलाच तर ते वाया जात नाही: २०१६ साली ब्राउन आणि बॅरी यांनी नरांच्या देहात खुणेची द्रव्ये घालून पाहिले, तेव्हा त्या देहातला अंश पुढे अंड्यांत उतरलेला आढळला, आणि अशा माद्यांनी अंडीही अधिक घातली.

तेव्हा श्रोतेहो, ओले सरपण सापडले. त्याचे नाव भूक, आणि भुकेच्या जोडीला पळायला जागा नसणे. हॉवर्डनी जे पाहिले ते खरे होते, फाब्रने पाहिले तेही खरे होते. पण मादीच्या स्वभावाची म्हणून जी गोष्ट जगभर गेली, तिच्यात बरणीचा वाटा किती आणि मादीचा किती, हे कोणी वेगळे करून पाहिले नव्हते. आईला मी एवढेच सांगितले, "ती भुकेली असली तर खाते, गं. पोट भरलेले असले तर बहुधा नाही." आई म्हणाली, "मग तिला उपाशी ठेवू नकोस म्हणजे झालं." शंभर वर्षांचे संशोधन तिने एका वाक्यात गुंडाळून माझ्या गळ्यात जबाबदारी म्हणून अडकवले.

ही जबाबदारी अंड्यांबरोबर आणखी वाढते. मीलनानंतर काही दिवसांनी मादी काटकीवर फेस सोडते. तो वाळून त्याची चिवट, लांबट पेटी होते आणि अंडी तिच्यात सुरक्षित राहतात. अशा चार-पाच पेट्या ती घालते. नर न भेटलेली मादीही पेट्या घालते, पण या जातीत त्या बहुधा फुकट जातात. पेटी ऊबदार जागी लटकवून ठेवावी, अधूनमधून फवारा द्यावा. महिना-दीड महिन्याने एके सकाळी तीस-चाळीस, कधी पन्नासही पिले तिच्यातून बाहेर पडतात. काळी, चपळ, हुबेहूब मुंग्यांसारखी. मुंगीच्या वाटेला फारसे कोणी जात नाही, तेव्हा हा वेष त्यांच्या उपयोगी पडत असावा. दुसऱ्या कातीपासून हळूहळू फुलांचे रंग येऊ लागतात.

आता हिशेब करा. चार पेट्या, प्रत्येकी चाळीस पिले. म्हणजे एकशे साठ बरण्या आणि रोजची हजारभर चिलटे! रानात यातली बहुतेक पिले कोळी, मुंग्या, पाखरे यांच्या पोटात जातात आणि हिशेब जुळतो. घरात तो आपल्याला जुळवावा लागतो. म्हणून मी एका वेळी एकच पेटी घरात ठेवतो. बाकीच्या, ज्या झुडपावरून आईबाप आणले, त्याच झुडपाला परत बांधून येतो. 'त्याच' झुडपाला हे महत्त्वाचे. कारण परक्या मुलखातला किडा मोकळा सुटला तर काय होते याची उदाहरणे जगात आहेत. चिनी प्रार्थनाकीटक १८९६ साली अमेरिकेत फिलाडेल्फियाजवळ प्रथम दिसला. आज त्याच्या अंड्यांच्या पेट्या तिथे बागेतली कीड मारायला म्हणून विकल्या जातात. पण कीड कोणती आणि मधमाशी कोणती, हा भेद त्या किड्याला कुठून कळणार? मोठ्या जाती तर लहान पाखरेही पकडतात. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत १३ देशांतून अशा १४७ नोंदी गोळा झाल्या, आणि त्यांतल्या बऱ्याच अमेरिकेतल्या गुंजन पक्ष्यांच्या होत्या. न्यूझीलंडची गोष्ट अधिक करुण आहे. दक्षिण आफ्रिकेतली एक जात १९७८ साली ऑकलंड इथे प्रथम आढळली. तिथल्या मूळच्या जातीचे नर या परक्या मादीच्या गंधाला भुलून तिच्याकडे जातात, आणि पुष्कळदा तिचे भक्ष्य होतात. हे २०१३ साली तिथल्या संशोधकांनी दाखवून दिले. म्हणून परदेशी पेट्या मागवायचा मोह टाळावा, आणि मागवलेल्या असल्या तर एकही पिलू खिडकीबाहेर जाऊ देऊ नये.

कोणी विचारतात, "सर, हा किडा तुम्हाला ओळखतो का?" नाही. कुत्रा ओळखतो तसा तो ओळखत नाही. हातावर घेतला तर चालतो, कारण हात ही त्याच्या लेखी एक जाडशी फांदी. त्याचे सगळे आयुष्य वर्षाच्या आतले. तो आपल्यावर प्रेम करीत नाही, आणि आपल्याला फसवीतही नाही. मग त्याच्याकडून काय मिळते? मला विचाराल तर एक सवय मिळते. कोणाच्या वागण्याबद्दल मत बनवण्याआधी, तो कोणत्या बरणीत आहे ते पाहण्याची सवय.

मी वर्गात उभा राहतो तेव्हा समोर शंभर मुले असतात. त्यांतले एखादे तोंडही उघडत नाही, एखादे सारखे घड्याळाकडे पाहते. आम्ही शिक्षक शिक्का मारून मोकळे होतो. हा मंद, तो उनाड. आता मला निदान विचारायचे सुचते की हा मुलगा सकाळी काही खाऊन आला आहे का, किती लांबून आला आहे, आणि माझ्या वर्गाच्या चार भिंतींत त्याला सरकायला जागा किती आहे. दर वेळी उत्तर मिळतेच असे नाही. काही मुले खरोखरच उनाड असतात, जशा काही माद्या भरल्या पोटीही नराला खातात. पण विचारल्यावाचून शिक्का मारणे म्हणजे ओले सरपण आपणच घालायचे आणि धुराबद्दल अग्नीला बोल लावायचा.

तुम्हांला हा नाद करायचा असेल तर खर्च फारसा नाही. एक रुंद तोंडाची बरणी, मच्छरदाणीचा तुकडा, एक पिकलेले केळे, आणि रोजची दहा मिनिटे. बरणी उंच असू द्या, छत खरबरीत असू द्या, आणि आत राहणाऱ्याचे पोट भरलेले असू द्या. मग तो कसा वागतो ते स्वस्थ बसून पाहा.